सत्तर पौंडांची हौस

मंडळी, आधीच सांगतो, आजची पोस्ट काही जणांना लागणार आहे. पहिल्यांदा ती मलाच लागली आहे, तेव्हा राग मानू नका.

आपल्या घरांत एक वाक्य पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. "घ्यायचंच आहे तर एकदाच घे, पण चांगलं घे." कुकर, कपाट, शिलाई मशीन, स्कूटर, सगळं याच वाक्यावर आलं आणि टिकलं, कबूल. पण धनुष्य घेताना हे वाक्य जो उच्चारेल त्याला चहा पाजून घरी पाठवावं, असं माझं ठाम मत झालंय.

मी पंचावन्नचा. कॉलेजात असताना, १९८७ ते १९९०, बांबूच्या धनुष्यावर तीन वर्षं तिरंदाजी केली. फार मोठा नव्हतो, पण तीस मीटरवर बाण बऱ्यापैकी एका जागी जायचे. लिंबाराम तेव्हा आमचा देव. राजस्थानातल्या आदिवासी घरातला पोरगा, बांबूच्या धनुष्यापासून सुरुवात केलेला. त्यानं १९९२ मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत तीस मीटरवर ३६० पैकी ३५८ गुण मिळवले तेव्हा माझं लग्न ठरलं होतं आणि धनुष्य माळ्यावर गेलं होतं. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. नोकरी, सुदामा नगरातलं घर, हप्ते. यंदा मोकळा झालो आणि ठरवलं, पुन्हा सुरू करायचं.

हे घरात बोललो मात्र, रविवारी पोहे-जिलबीवर पंचायतच बसली. आमचे साडू मोबाइल पुढे करून म्हणाले, "अरे भिया, हंटिंग बो घे! हे बघ." जंगली रंगाचं, चाकं-कप्प्यांचं कंपाउंड धनुष्य, सत्तर पौंड. कुणी गोरा माणूस बर्फात उभा राहून हरणावर नेम धरतोय. सगळ्यांचे डोळे चमकले. मग ठरलेलं वाक्य आलंच, "घ्यायचंच आहे तर..."

आधी त्या शिकारीचं बघू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून या देशात शिकारीची दारं बंद झाली. होळकरांचं शिकारीचं रान, आपलं राळामंडळ, १९८९ पासून अभयारण्य आहे. आपण तिथे डबे घेऊन सहलीला जातो. मग हंटिंग बो घेऊन मारणार काय, बायपासवरचे फ्लेक्स? पण इंदूरच्या प्रत्येक मराठी घरात एक आजोबा असतात जे महाराजांबरोबर शिकारीला जायचे. माझेही होते. लहानपणी मी ते अभिमानानं सांगायचो. नंतर त्यांचे कागद पाहिले तर आजोबा होळकरांच्या हिशेब खात्यात कारकून. शिकारीला गेले असतील तर खर्चाची वही घेऊन. तरी हौस मात्र वारशानं आली आहे.

आता पौंड म्हणजे काय ते सांगतो, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. ते धनुष्याचं वजन नव्हे. दोरी ओढल्यावर हातावर जो भार येतो तो पौंडांत मोजतात, आणि साध्या धनुष्यावर लिहिलेला आकडा सहसा २८ इंच ओढीचा असतो. सत्तर पौंड म्हणजे जवळपास बत्तीस किलो. कंपाउंडमध्ये कप्प्यांमुळे पूर्ण ओढल्यावर बराचसा भार उतरतो, हे खरं. पण उतरण्याआधी तो डोंगर दर बाणाला चढावाच लागतो. शिकाऱ्याला दिवसाला एखाद-दुसरा बाण सोडायचा असतो. शिकणाऱ्याला साठ, ऐंशी, शंभर. दोघांचं धनुष्य एकच कसं असेल?

साडूंना हे पटलं नाही. "ओजस देवतळे, अदिती स्वामी कंपाउंडवरच जिंकले ना?" जिंकले. २०२३ साली बर्लिनला दोघं जगज्जेते झाले, अदिती तेव्हा सतरा वर्षांची. आपल्या जबलपूरची मुस्कान किरार २०१८ च्या आशियाई खेळांत रौप्य घेऊन आली, तीही कंपाउंडवरच. कंपाउंडशी माझं वैर नाही. माझ्या वयाच्या खांद्याला हलकं, भार कमी-जास्त करता येणारं कंपाउंड कदाचित जास्त मानवेलही. पण स्पर्धेचं कंपाउंड लांब असतं, हातात शांत राहतं. शिकारीचं आखूड असतं, झाडीत अडकू नये म्हणून. स्पर्धेत साठ पौंडांच्या वर परवानगीच नाही. शिवाय कंपाउंडची ओढ त्या कप्प्यांनी ठरवून दिलेली असते. माझी ओढ सत्तावीस इंच. साडूंनी दाखवलेलं तीस इंचांचं, जुनं, "स्वस्तात मिळून राहिलंय" असं. म्हणजे दुसऱ्याच्या मापाची कवळी घेण्यासारखं.

हे सगळं मी आज शहाणपणानं सांगतोय. बारा वर्षांपूर्वी माझ्यात हे शहाणपण नव्हतं.

माझा मुलगा तेरा वर्षांचा असताना म्हणाला, बाबा, मला तिरंदाजी शिकायची आहे. मला काय आनंद झाला सांगू! शिकवणारे सर म्हणाले, अठरा पौंडांपासून सुरू करू, सहा महिने धनुष्य इथलंच वापरू दे. मी मनात म्हटलं, अठरा? खेळणं आहे का? आपण शाळेचा स्वेटर घेतो, बूट घेतो, कसे? एक नंबर मोठे. वाढतं अंग आहे. मी त्याला चौतीस पौंडांचं घेऊन दिलं. सरांना न विचारता. एकदाच, चांगलं.

पोरगं ओढायचं हो. आई-बाप उभे आहेत म्हटल्यावर ओढणारच. पण पाठीनं नाही, खांदा कानापर्यंत उचलून, कंबरेतून मागे वाकून. हनुवटीला दोरी टेकायच्या आत बाण सुटायचा, कारण धरवतच नव्हतं. बाण बटाच्या बाहेर गेला की मी मागून "लक्ष कुठंय?" म्हणायचो. सातव्या महिन्यात खांदा दुखायला लागला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आणि विश्रांती संपल्यावर तो मैदानावर गेलाच नाही. म्हणाला, "मला नाही जमत." ते वाक्य पुढे पोहण्यापासून गाडी शिकण्यापर्यंत बऱ्याच ठिकाणी ऐकू आलं. सगळं धनुष्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. पण पहिल्यांदा ते मी ऐकलं ते मैदानाच्या फाटकाशी.

मधे एकदा अलीराजपूरकडच्या भगोऱ्याला गेलो होतो. एका भिल्ल म्हाताऱ्याच्या हातात बांबूचा तीरकामठा होता, दोरीसुद्धा बांबूच्या कामटीची. मी मागितला, त्यानं दिला, मला अर्धासुद्धा ओढवला नाही. म्हातारा हसला, शेजारी उभ्या नातवाच्या हातातला छोटा कामठा काढून माझ्या हातात ठेवला. बायकोनं फोटो काढला, सगळे हसले. मीही हसलो, पण घरी येताना गाडीत बोललो नाही. त्या नातवाचा कामठा त्याच्या हाताच्या मापाचा होता. कुणी त्याला वाढत्या अंगाचा दिला नव्हता.

तर यंदा मैदानावर गेलो तेव्हा शिकवणाऱ्या मॅडम, असतील चोवीस-पंचवीसच्या, त्यांनी आधी माझा कुठला डोळा जोरकस आहे ते तपासलं. मग दोन्ही हात पसरायला लावून मापलं, त्या लांबीला अडीचनं भागलं, ओढीचा अंदाज काढला. आणि हातात दिलं बावीस पौंडांचं रिकर्व्ह. मला ओशाळल्यासारखं झालं. शेजारी दहावीची मुलगी तीसवर होती. पस्तिसाव्या बाणाला पाठीनं हिशेब चुकता केला आणि अभिमान गप्प बसला.

घ्यायचं असेल त्यांनी एवढं करून बघा. खुर्चीवर बसा, दोन्ही पाय जमिनीवरून उचला आणि धनुष्य सरळ समोर धरून ओढा. आकाशाकडे करावं लागलं, अंग वाकलं, तर ते धनुष्य तुमचं नाही, कितीही आवडलेलं असो. पैसे घालायचेच तर मधल्या हँडलवर घाला. ते वर्षानुवर्षं राहतं. वरखालची पाती, ज्यांना लिंब म्हणतात (आपला कडुलिंब नव्हे), ती साधी घ्या किंवा भाड्यानं घ्या, कारण ती बदलायचीच आहेत. ताकद वाढली की दोन-चार पौंड वर. बाणही त्या भाराच्या हिशेबानंच कमी-जास्त कडक लागतो. भार बदलला की बाण बदलतो. म्हणजे या खेळात "एकदाच" असं काही नसतंच. आणि घरी पाहुण्यांना दाखवताना बाण न लावता दोरी ओढून सोडू नका. सगळा जोर पात्यांत परत जातो आणि धनुष्य तडकू शकतं. साडूंना हे दोनदा सांगावं लागलं.

हँडल मी घेतलंय. पाती बावीसचीच, क्लबची. साडू अजून म्हणतात, "एवढ्यात काय मजा?" गेल्या आठवड्यात अठरा मीटरवर सहापैकी चार बाण पिवळ्यात गेले, त्याचा फोटो मी मुलाला पुण्याला पाठवला. त्यानं एवढंच विचारलं, "किती पौंड?" मी लिहिलं, बावीस. बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, "बरं केलंत."

दिवाळीत तो येतोय. मॅडमना सांगून अठरा पौंडांची पाती चार दिवस बाजूला ठेवायला लावली आहेत. त्याला अजून बोललेलो नाही.