जांभळं पाणी जातं कुठे?

रविवारची सकाळ. डोळ्यांवर अर्धी झोप, हातात चहाचा मग आणि खाली पार्किंगमध्ये माझी सेकंडहँड वॅगन आर फेसात बुडालेली. सुख म्हणतात ते हेच! गाडी धुवायला हल्ली आपण कुठे जातो? डिटेलरच दारात येतो. आमचा तर ओम्नी घेऊन येतो. आत 200 लिटरची टाकी, प्रेशर वॉशर, वेट व्हॅक्यूम आणि रंगीबेरंगी बाटल्यांचं अख्खं दुकान.

त्या दिवशी त्याने चाकांवर काहीतरी फवारलं आणि म्हणाला, "ताई, आता गंमत बघा." मिनिटभरात चाकावरून चक्क जांभळे ओघळ! "ब्रेकची धूळ असते ना, त्यात लोखंड असतं. त्याच्याशी रिअ‍ॅक्शन होऊन जांभळं होतं." मी लगेच मोबाइल काढला. फोटो एकदम झक्कास आला.

तो जांभळा ओघळ फेसाबरोबर उतारावरून गेटजवळच्या जाळीकडे निघाला. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीतून आजोबांचा आवाज आला. पाटबंधारे खात्यातून रिटायर्ड आहेत ते.

"हे पाणी कुठं जातं, माहितेय का?"

"ड्रेनेजमध्ये," मी आत्मविश्वासाने.

"नाही. नदीत."

संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज पडला. बाहेरच्या कार वॉशवाल्यांना बंदी घालायची का, पुढच्या रविवारी मीटिंग. आमच्या एकट्या सोसायटीत त्या पोराच्या 11 गाड्या आहेत. म्हणजे ओम्नीचा हप्ता आमच्याच पार्किंगमधून जातो. माझा फोटो बघून विषय पेटला होता, हे सांगायला नकोच.

मग काय, पत्रकार आहोत तर जरा शोधाशोध केली. आजोबा बरोबर होते. आपल्या बिल्डिंगखालून दोन वेगवेगळ्या लाइनी जातात. एक ड्रेनेजची. बाथरूम, टॉयलेट, किचनचं पाणी तिच्यातून मैलाशुद्धीकरण प्रकल्पाकडे जायचं असतं. दुसरी पावसाळी लाइन. पार्किंगमधली आणि रस्त्याकडेची जाळी बहुतेक वेळा हिलाच जोडलेली असते आणि ही लाइन सरळ ओढ्या-नाल्याला मिळते. पावसाचं पाणीच जाणार, असं धरून ती टाकलेली, त्यामुळे वाटेत ते पाणी साफ करायची सोय नसते. आमचं कोथरूडचं पाणी नाल्यातून मुठेत, पुढे मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनी धरणात. उजनीचं पाणी सोलापूरकर पितात. माझ्या चाकाची धूळ थेट सोलापूरकडे!

आणि त्या पाण्यात फक्त माती नसते. ब्रेकच्या धुळीतलं लोखंड आणि तांबं, इंजिनाचं तेल, टायरचं झिजलेलं रबर असा सगळा मालमसाला असतो. टायरचं तर ऐकाच. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या ओढ्यांत पाऊस पडला की कोहो सालमन मासे मरायचे. 2020 साली संशोधकांनी कारण शोधलं. टायरमधल्या एका रसायनापासून तयार होणारं द्रव्य रस्त्यावरून वाहत ओढ्यात पोचत होतं.

"पण ताई, माझा शाम्पू बायोडिग्रेडेबल आहे," आमचा डिटेलर म्हणाला. मलाही तेच वाटायचं. पण बायोडिग्रेडेबल म्हणजे कधीतरी विघटन होणारा, निरुपद्रवी नव्हे. विघटनाला वेळ लागतो आणि ते होताना पाण्यातला ऑक्सिजन खर्च होतो. तोवर साबण माशांच्या कल्ल्यांना त्रास देतोच. शिवाय शाम्पू कितीही साधा असला, तरी त्याने सोडवलेलं तेल कुठे विरघळून जाणार?

गंमत म्हणजे गाडी धुण्यावर बोलायचं तर आपण पाणी किती लागलं एवढंच बोलतो. मार्च 2024 मध्ये टंचाई असताना बेंगळुरूत पिण्याच्या पाण्याने गाडी धुतल्यास 5,000 रुपये दंड लावला होता. किती वापरलं, हा प्रश्न बरोबरच आहे. पण वापरलेलं गेलं कुठे, हे कुणी विचारत नाही.

तर मीटिंगच्या सकाळी आम्ही डेमो ठेवला. डिटेलर, मी आणि बाल्कनीतून खाली आलेले आजोबा. आधी बादलीभर साधं पाणी ओतून उतार कुठे जातो ते बघितलं. मग जाळीवर रबरी मॅट टाकली आणि तिच्याभोवती माझ्या जुन्या जीन्सच्या पायात वाळू भरून बांध घातला. (स्किनी जीन्सचा शेवटी उपयोग झाला!) पाइप लावून दहा मिनिटं धुतलं की सहज 100 लिटरच्या वर पाणी जातं. प्रेशर वॉशरला मिनिटाला साधारण सहा-सात लिटर पुरतं, त्यामुळे पन्नासेक लिटरमध्ये काम झालं. बांधाशी साचलेलं पाणी त्याने वेट व्हॅक्यूमने ओढून ड्रममध्ये घेतलं. दीड बादली भरली. रंग? टपरीवरच्या तळाशी उरलेल्या चहासारखा.

ड्रम थोडा वेळ तसाच ठेवला. गाळ खाली बसल्यावर वरचं पाणी सेक्रेटरी काकांना विचारून ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलं. खालचा गाळ वाळवून पिशवीत बांधून कचऱ्यात. काम झाल्यावर मॅट आधी उचलली, कारण जाळी झाकलेली राहिली आणि पुण्याचा पाऊस कोसळला, तर पार्किंगचा तलाव होणार.

गाडी नुसती धुळकट असेल तर आणखी सोपं. रिन्सलेस वॉश! आठ-दहा लिटर पाण्यात झाकणभर लिक्विड, मायक्रोफायबरने पुसायचं, वरून पाणी मारायचंच नाही. मळ फडक्यात राहतो आणि फडकी मशीनमध्ये धुतली की ते पाणी ड्रेनेजमध्येच जातं. फक्त चिखलाने माखलेल्या गाडीला हे नको, रंगावर ओरखडे पडतील. आणि इंजिन धुणं, डिग्रीझर मारणं हे पार्किंगमध्ये नाहीच. त्यासाठी तेल वेगळं करायची सोय असलेलं वॉशिंग सेंटरच गाठायचं.

हे सगळं करायला त्याला वीस मिनिटं जास्त लागली. "रोज असं केलं तर दिवसाची एक गाडी कमी होते ताई," तो हळूच म्हणाला. "शंभर रुपये वाढवून द्याल का?"

मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. पहिल्या दिवशी सहाशेचे पाचशे मीच केले होते ना! त्याच शंभर रुपयांत हे पाणी उचललं गेलं असतं. आम्ही घासाघीस केली, त्याने वेळ वाचवला आणि बिल नदीच्या नावावर फाडलं.

मीटिंगमध्ये बंदी बारगळली. अटी ठरल्या : एकच कोपरा, जाळी बंद, पाणी चेंबरमध्ये, इंजिन वॉश नाही. शंभर रुपये मात्र 11 पैकी सातच जणांनी कबूल केले. उरलेल्या चौघांना आजोबा रोज लिफ्टमध्ये गाठताहेत. चौघंही हल्ली जिन्याने जातात म्हणे.

तुमच्याकडे कसं आहे? या रविवारी गाडी धुवायला दिलीत, की चमकणाऱ्या बॉनेटकडे बघून झाल्यावर दोन मिनिटं खालीही बघा. आणि भाव करण्याआधी त्याला एक प्रश्न विचारा, "दादा, पाणी उचलायचे किती घेशील?"