रिकाम्या खाटांचा हिशेब कोण लिहितो?

धर्मादाय इस्पितळांत गरिबांसाठीं राखलेल्या खाटा रिकाम्या पडतात, सबब गरिबांची सोय उत्तम झाली आहे, हा युक्तिवाद ऐकून आमचे कान किटले आहेत. खाट रिकामी म्हणजे आजारी माणूस नाहीं, हें गणित कोणत्या पाठशाळेंत शिकवितात तें आम्हांस ठाऊक नाहीं. मार्केट यार्डांतला कोणताही हमाल सांगेल कीं, आजारी माणूस फाटकापर्यंत गेला होता, खाटेपर्यंत त्याला कोणीं जाऊं दिलें नाहीं.

कायदा काय म्हणतो तें आमच्या वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१ कक कलमाखालीं मुंबई हायकोर्टानें २००६ सालीं एक योजना मुक्रर केली. धर्मादाय इस्पितळानें शेंकडा १० खाटा निर्धनांस मोफत व आणखी १० दुर्बल घटकांस सवलतीनें द्याव्या. उत्पन्नाची मर्यादा पुढें वाढत जाऊन निर्धनास सालीना १,८०,००० व दुर्बलास ३,६०,००० रुपये झाली. इतर रोग्यांच्या बिलांतून शेंकडा २ रक्कम निर्धन रुग्ण निधींत टाकावी. जिवावर बेतलेला रोगी आला तर डिपॉझिट न मागतां त्याला आंत घ्यावा. यांत विश्वस्तांच्या खिशांतली पै कोठें आहे? निधि भरतो बिल देणारा रोगी. करांची माफी देतें सरकार, आणि कित्येक ठिकाणीं जमीनही नाममात्र भाड्यानें सरकारचीच. म्हणजे दान लोकांचें, आणि संगमरवरी पाटीवर नांव मात्र शेठजींचें!

पण आमचें आजचें भांडण पाटीशीं नाहीं, वहीशीं आहे. किती निर्धन तपासले, किती रुपये खर्चिले, याचें पत्रक इस्पितळानें धर्मादाय कचेरीकडे धाडावयाचें असतें. पत्रक लिहिणारा कोण? ज्याची परीक्षा घ्यावयाची तोच! बरें, त्यांत रकाने दोन: खाटांचा एक आणि निधीचा एक. दोन-चार मोठ्या शस्त्रक्रियांत निधि आटला कीं पुढच्या रोग्यास सांगावयाचें, "फंड संपला." आणि तो रोगी परत गेल्यावर त्याच महिन्यांत लिहावयाचें, "खाट रिकामी, रोगी आला नाहीं." दोन्ही रकाने कागदावर खरे, आणि दोहोंच्या मधल्या फटींतून माणूस खालीं पडलेला.

जो रकाना पाहिजे तो या पत्रकांत नाहींच: किती जण आले आणि किती परतविले. परतविण्याची रीतही मोठी शहाणपणाची असते. "नाहीं" असा शब्द कोणी उच्चारीत नाहीं. "तहसीलदाराचा दाखला आणा," म्हणतात, आणि त्या दिवशीं असतो रविवार. "समाजसेवक उद्यां भेटतील." "जनरलमध्यें जागा नाहीं, डिलक्समध्यें आहे." यांतलें एक अक्षर कागदावर उमटत नाहीं. केसपेपरच निघाला नाहीं, तर तक्रार कशाच्या आधारें करावयाची?

ही युक्ति आम्हां बहुजनांस नवी नाहीं. रयतेनें किती दिलें आणि किती देणें राहिलें हें कुलकर्ण्याच्या दप्तरांत लिहिलेलें असे, आणि दप्तर रयतेस वाचतां येत नसे. शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं कोल्हापुरांत कुलकर्णी वतन खालसा करून पगारी तलाठी नेमले. दप्तर वतनदाराच्या घरांतून उठवून सरकारी चावडींत आणलें, ही खरी त्या सुधारणेची नाडी. आजच्या धर्मादाय इस्पितळाचें दप्तर मात्र अजून वतनदाराच्याच घरीं आहे.

यावर नगरपालिका म्हणतील, हें काम धर्मादाय आयुक्तांचें, आमचें नव्हे. आम्ही विचारतों, १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याप्रमाणें शहरांतल्या खासगी इस्पितळांची नोंदणी कोण करतें? महापालिकाच ना? आंत जाऊन तपासणी करण्याचा अधिकार तिच्या आरोग्याधिकाऱ्यास आहे. २०२१ च्या नियमांनीं दरपत्रक व रुग्णांच्या हक्कांची सनद भिंतीवर लावणें इस्पितळांस भाग पाडलें, तेंही पाहण्याचें काम तिचेंच. जन्म आणि मृत्यु जी पालिका मोजते, तिला मधला दवाखान्याचा दरवाजा कां दिसूं नये? २०२२ पासून कित्येक महापालिकांवर वर्षानुवर्षें प्रशासक बसले होते. त्या काळांत सभागृहांत प्रश्न विचारणाराही उरला नव्हता.

जोतीराव फुले १८७६ पासून पुणें नगरपालिकेचे सभासद होते. लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठीं हजार रुपये उधळण्यास त्यांनीं एकट्यानें विरोध केला. त्यांचें नांव २०१७ सालीं सरकारनें जन आरोग्य योजनेस दिलें. नांव चांगलें, पण तिचाही डांगोरा पिटतात तो इतके दावे मंजूर, इतके कोटी अदा असा. कोटी मिळाले इस्पितळास. त्याच रोग्याच्या बायकोनें बाहेरच्या औषधांसाठीं मंगळसूत्र मोडलें असेल, तर तें कोणत्या कोष्टकांत बसतें?

आमची मागणी लांबलचक नाहीं. प्रत्येक धर्मादाय इस्पितळाच्या दारांत पानांवर अनुक्रमांक छापलेली वही असावी. आलेल्या प्रत्येक गरिबाचा दिवस, वेळ, आजार आणि परतविल्यास कारण तींत लिहावें, व त्याची पावती रोग्याच्या हातीं द्यावी. महिनाअखेर आरोग्याधिकाऱ्यानें ती स्वतः तपासून प्रभागवार आकडे मराठींत वॉर्ड कचेरीच्या फलकावर लावावे व सर्वसाधारण सभेपुढें ठेवावे. रोग्यांचीं नांवें अर्थातच फलकावर नकोत. गरिबाच्या आजाराची दवंडी आम्हांस पिटावयाची नाहीं.

हें होईपर्यंत स्वस्थ बसण्याचें कारण नाहीं. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा अर्ज दहा रुपयांच्या स्टॅम्पावर होतो, आणि उत्तर तीस दिवसांत देणें कचेरीवर बंधनकारक आहे. आपल्या शहरांतल्या इस्पितळाचीं मागील बारा महिन्यांचीं पत्रकें धर्मादाय कचेरीकडे मागा. त्याच दिवशीं दुसरा अर्ज महापालिकेकडे करा, आणि आरोग्याधिकारी त्या इस्पितळांत शेवटचे कधीं गेले होते तें विचारा.