सरांची जागा रिकामी आहे

शिक्षकदिनाला तुमच्या फोनवर काय काय येतं ते तुम्हाला माहीत आहे. गुलाबाचं फूल, पेटती समई, एक संस्कृत श्लोक आणि खाली एखाद्या नगरसेवकाचा फोटो. एखादे आवडते सर गेले की बॅचच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागते. कुणी गॅदरिंगचा जुना फोटो टाकतं. मग कुणीतरी लिहितं, 'असे शिक्षक आता होणे नाही.' सगळे त्याला अंगठा देतात आणि पुढच्या मेसेजकडे वळतात.

माझं भांडण या वाक्याशी आहे. पाऊस लांबला, थंडी कमी पडली, तसेच शिक्षकही हल्ली होत नाहीत, अशा सुरात आपण ते म्हणतो. पण शिक्षक हवामानावर पिकत नाहीत. असे शिक्षक होऊच नयेत अशी सोय आपल्याकडे रीतसर करून ठेवलेली आहे, आणि हात जोडण्याच्या नादात आपण तिच्याकडे बघायचं टाळतो.

आधी एक प्रश्न. एखादा कॉलेजचा मास्तर मोठा होता हे ठरवायचं कशावरून? गौरवग्रंथात सगळेच ऋषितुल्य असतात. निरोपसमारंभात तर संस्थेचे पदाधिकारीही व्यासंगी असतात. माझ्या मते मास्तराची खरी नोंद घराच्या इतिहासात सापडते. त्याच्यामुळे कुणाचं लग्न दोन वर्षं पुढे गेलं, कुणाच्या घरात पहिल्यांदा वर्तमानपत्र आलं, कुणाची मुलगी नोकरीला लागली, हे बघा.

आमच्या मावळात घराचा इतिहास म्हणजे सातबारा. पवन मावळातल्या माणसाला पणजोबाचं नाव विचारा, तो आधी गट नंबर सांगेल. कुठली जमीन पवना धरणात गेली, कुठली हायवेत गेली, कुठली एमआयडीसीत, आणि कुठली भावकीच्या दाव्यात अडकली आहे, हे सगळं तोंडपाठ. लोणावळ्याच्या बाजूला तर ही गोष्ट आणखी जुनी. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं, ते वळवण आणि शिरवत्याच्या तलावांच्या पाण्यावर. त्या पाण्याखाली कुणाकुणाची खाचरं होती, हे लोणावळ्याला चिक्की घ्यायला येणाऱ्यांना ठाऊक नसतं. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' असा एक रकाना असतो. त्यात सोसायटीचा बोजा असतो, कुळाचं नाव असतं, बहिणींची नावं असतात. ज्या मास्तरानं घराची दिशा बदलली त्याचं नाव त्यात कधीच नसतं.

एके काळी याच मावळात ती नोंद दगडात करत असत. कामशेतहून पवनानगरला जाताना बेडसे लेणी लागतात. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथे चैत्यगृहाच्या ओसरीत एक लेख आहे: नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक याचं दान. मुलानं बापाचं नाव लावलं आहे, नेहमीची रीत. पण तिथेच एका लहान स्तूपाजवळ दुसरा लेख आहे. गोभूती नावाच्या, रानात राहणाऱ्या आणि भिक्षेवर जगणाऱ्या स्थविराचा तो स्तूप, आणि तो करवून घेणारा त्याचा अंतेवासी आषाढमित्र. इथे बापाच्या नावाच्या जागी गुरूचं नाव आहे. बापाचं आणि गुरूचं नाव एकाच डोंगरात, सारख्याच मानानं कोरलेलं.

त्यातला 'अंतेवासी' हा शब्द नीट बघा. जवळ राहणारा तो अंतेवासी. म्हणजे या नात्याची पहिली अट हुशारी नाही, भक्तीही नाही. जवळ राहणं. दोघांपैकी एक जरी टिकला नाही तरी नातं तयार होत नाही. पुढचं सगळं म्हणणं या एका शब्दावर उभं आहे.

आता आमच्या घराचं उदाहरण. आई बारावी झाली तेव्हा आजोबांनी स्थळं बघायला सुरुवात केली होती. तिचे अर्थशास्त्राचे सर एसटीनं गावी आले. आजोबांना त्यांनी स्त्रीशिक्षणाचं महत्त्व वगैरे काही सांगितलं नाही. चहा घेतला, यंदा भात कसं आहे विचारलं, मग म्हणाले, "बाबा, पोरीची अडचण एसटीची आहे ना? मी शेवटचा तास सकाळी घेतो." आणि तीन वर्षं घेतला. आई गावातली पहिली पदवीधर बाई. तिच्या मागून मावशी त्याच वर्गात बसली. निवृत्तीच्या आदल्या वर्षी सरांनी मलाही शिकवलं, आणि पहिल्याच आठवड्यात हजेरी घेताना मान वर करून विचारलं, "तुझं आजोळ धरणाकडचं ना रे?"

यात चमत्कार काही नाही. सर फार मोठे विद्वान नव्हते, पुस्तकं लिहिली नाहीत, वर्गात कधीकधी रटाळही शिकवायचे. पण दिवाळीनंतर कुठल्या गावची पोरं वर्गात दिसत नाहीत आणि ती भातकापणीला गेली आहेत की कायमची गेली आहेत, हे त्यांना कळायचं. हे ज्ञान कुठल्याही पीएचडीत मिळत नाही. एकाच जागी पंचवीस-तीस वर्षं राहिल्यावरच ते येतं.

आता माझ्या मामेभावाचं ऐका. तो दुसऱ्या एका कॉलेजात शिकला, त्याचं नाव कशाला. तीन वर्षांत त्याला मराठीला चार शिक्षक झाले. चौघेही तासिका तत्त्वावरचे. नेट किंवा सेट झालेले, दोघे पीएचडी. जितके तास तितके पैसे, तेही कधी येतील याचा भरवसा नाही. सुट्टीत पगार नाही आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत. यातल्या कुणाला एसटीनं गावी जाऊन चहा प्यायला वेळ असेल? त्यांना त्याच दिवशी आणखी दोन कॉलेजं करायची असतात. राज्यभरातल्या अनुदानित महाविद्यालयांत निवृत्त झालेल्यांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या आणि ते खिंडार या माणसांच्या जिवावर बुजवलं गेलं. चांगले शिक्षक आजही आहेत. त्यांना फक्त टिकू दिलं जात नाही.

तळेगाव दाभाड्यात हे फार टोचतं. कारण या गावाला एका कॉलेजच्या प्राध्यापकाचा वारसा आहे. विष्णु गोविंद विजापूरकर, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात संस्कृत शिकवणारे, 'ग्रंथमाला' आणि 'विश्ववृत्त' काढणारे. स्वदेशीच्या काळात त्यांचं समर्थ विद्यालय तळेगावात उभं राहिलं. सरकारी मदत नाही, शिक्षण मराठीतून, आणि पोरं गुरुजींच्या जवळ राहून शिकणारी. १९०८ साली 'विश्ववृत्ता'तल्या सातवळेकरांच्या लेखावरून त्यांच्यावर खटला झाला, ते तुरुंगात गेले, आणि १९१० मध्ये सरकारनं विद्यालय बंद पाडलं. सुटून आल्यावर त्यांनी तळेगावात पुन्हा शाळा उभारली. १९२६ साली ते वारले.

त्यांना देव करायची गरज नाही. वेदोक्त प्रकरणात ते शाहू महाराजांच्या विरुद्ध बाजूला होते, आणि आमच्या पणजोबांसारख्यांना त्यांच्या काळात अक्षरओळखही नव्हती. आमच्या घराचा इतिहास मला हे विसरू देत नाही, म्हणूनच तो गौरवग्रंथापेक्षा खरा. पण एक गोष्ट मान्य करावीच लागेल. इंग्रज सरकारला तो मास्तर धोक्याचा वाटला. त्याला थांबवायला खटला भरावा लागला, हुकूम काढावा लागला. आज एवढा खटाटोप लागत नाही. जागा भरायची नाही, एवढंच. कुणी मोर्चा काढत नाही, कुणाला तुरुंगात टाकावं लागत नाही, आणि शिक्षकदिनाचा कार्यक्रमही वेळेवर पार पडतो.

यावर दोन उत्तरं हमखास येतात. पहिलं, पर्मनंट झालेले मास्तर कामच करत नाहीत. काही करत नाहीत, खरं आहे. पण कामचुकार तलाठ्याला कंटाळून कुणी तलाठी रोजंदारीवर ठेवा म्हणत नाही. दुसरं, आता यूट्यूबवर सगळं मिळतं. मिळतं. मीही त्यावर शिकलो आहे. पण यूट्यूबला तुम्ही गैरहजर असल्याचं कळत नाही. ज्यांच्या घरात आधीच चार पदवीधर आहेत त्यांना तेवढं पुरतं. बाकीच्यांना कुणीतरी घरी यावं लागतं.

चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या मुलाकडे केळुसकर गुरुजींचं लक्ष गेलं. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा त्यांनी त्याला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र दिलं, आणि पुढे शिक्षणाचा खर्च अडला तेव्हा सयाजीराव महाराजांपर्यंत त्याची गाठ घालून दिली. त्या मुलाचा, म्हणजे बाबासाहेबांचा, बंगला तळेगावातच आहे. तिथे सेल्फी काढताना एवढं लक्षात ठेवा की त्या आयुष्यात वडिलांइतकीच एका मास्तराचीही नोंद आहे.

तेव्हा मित्रांनो, कृतज्ञ व्हायचंच असेल तर दोन कामं करा. घरात आई, मावशी, आत्या, काका यांना विचारा की तुमचं शिक्षण कुणामुळे थांबलं नाही, आणि ते नाव, ते साल, तो प्रसंग लिहून ठेवा. सातबाऱ्यात रकाना नसेल तर वहीत करा. आणि धाकट्या भावंडाच्या ॲडमिशनला जाल तेव्हा कॅम्पस, वायफाय आणि प्लेसमेंट विचारून झाल्यावर काउंटरवर आणखी एक विचारा: या विषयाला कायमस्वरूपी शिक्षक किती? उत्तर शून्य आलं तर प्राचार्यांना विचारा, संस्थेला विचारा, मत मागायला येणाऱ्या आमदाराला विचारा. 'असे शिक्षक आता होणे नाही' हे वाक्य ग्रुपवर टाकण्याआधी, त्यांची जागा कुणी आणि का भरली नाही, तेवढं तरी माहीत करून घ्या.