माका गावला!

१९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि कुडाळ-कणकवलीची पोरं मुंबईच्या ऑफिसांना आणखी जवळची झाली. पोरं हुशार, कामाला वाघ. पण कॉन्फरन्स कॉल सुरू झाला की एकदम म्यूट! कारण ठरलेलं, 'इंग्लिशचा प्रॉब्लेम आहे रे.' मी मालवणचाच, त्यामुळे माझा सल्लाही ठरलेला. आधी 'गेट' पकडा, बाकीचं मागाहून येईल.

शाळेत घोकलेलं असतं, गेट म्हणजे मिळणे. तिथेच गाडी अडते. कारण गेट म्हणजे होणे, कळणे, पोचणे, आणून देणेसुद्धा. अर्थ पाठ करत बसलात तर रिटायर व्हाल! त्यापेक्षा आपली मालवणी कामाला लावा. 'माका तिकीट गावला' म्हणजे आय गॉट द तिकीट. 'माका कळला' म्हणजे आय गॉट इट. 'माका राग इलो' म्हणजे आय गॉट अँग्री. आपल्याकडे तिकीट, अक्कल, राग, सगळं आपल्यापाशी चालत येतं. इंग्रजीत मात्र 'आय' स्वतः पुढे होतो. म्हणून 'माका'च्या जागी 'आय' ठेवा, पुढे 'गेट' लावा. बऱ्याच ठिकाणी काम फत्ते!

पण दोन खड्डे सांभाळा. 'माका उशीर झालो'चं 'आय गॉट लेट' करू नका. 'आय ॲम गेटिंग लेट' आपल्या ऑफिसांत सर्रास चालतं, पण परदेशी क्लाएंटच्या कानाला खटकतं. तिकडे 'इट्स गेटिंग लेट' म्हणतात, आणि माणूस असतो 'रनिंग लेट'. दुसरं म्हणजे बॉसला 'डू यू गेट इट?' कधीही विचारू नका. ते 'डोक्यात शिरलं का?' असं ऐकू जातं. 'डझ दॅट मेक सेन्स?' म्हणा, अप्रेझल सुखाचं जाईल.

आणि गंमत ऐका. 'गेट' मूळचा इंग्रजांचा नाहीच. हजारेक वर्षांपूर्वी व्हायकिंग दर्यावर्द्यांच्या नॉर्स भाषेतून तो इंग्लंडच्या किनाऱ्याला लागला. म्हणजे त्यांनाही तो दर्यातूनच गावलेला! मग दर्याकाठच्या आपण त्याला बिचकायचं कशाला? सोमवारच्या कॉलवर म्यूट काढा आणि बिनधास्त म्हणा, 'आय गेट इट, बट आय हॅव अ क्वेश्चन.'

तुमचो प्रश्न बरोबर असतलो, बघा.