सिद्धगडाआधीचे भाई कोतवाल

दरवर्षी 2 जानेवारीला मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर कर्जत, नेरळ, मुरबाड भागातली माणसे जमतात. 1943 साली याच तारखेला पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि कर्जत तालुक्यातल्या मानिवलीचे हिराजी पाटील इथे हुतात्मा झाले. कोतवालांनी नुकतीच तिशी गाठली होती. हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते, भाषणे होतात, विजेचे मनोरे पाडल्याची हकीकत पुन्हा सांगितली जाते. ती सांगितलीच पाहिजे. पण कायद्याची पदवी घेऊन आपल्या मुलखात काम करणारे आणि माथेरान नगरपालिकेचे उपनगराध्यक्ष झालेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल त्या हकिकतीत दोन ओळींत आटोपतात. हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि त्यात नुकसान या तालुक्यांचे आहे.

त्यांचा जन्म 1 डिसेंबर 1912चा, माथेरानचा, एका गरीब नाभिक कुटुंबातला. त्या काळचे माथेरान डोळ्यांसमोर आणले तर या एका वाक्याचे वजन कळते. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 साली या डोंगरावर चढला आणि पुढे साहेबांचे, मुंबईच्या धनिकांचे बंगले इथे उभे राहिले. 1907 साली नेरळहून छोटी गाडी वर पोहोचली. गावाचा रोजचा गाडा मात्र हमाल, घोडेवाले, रिक्षा ओढणारे आणि घरोघर राबणारे गडी-मोलकरणी यांच्या अंगमेहनतीवर चालत होता. ज्या गावात काहींनी हवा खायची आणि बाकीच्यांनी ओझी वाहायची, त्याच गावच्या नाभिकाचा मुलगा पुण्याला शिकला, वकील झाला आणि नगरपालिकेत उपनगराध्यक्षाच्या खुर्चीत बसला. मनोरे पाडण्याइतकीच ही घटना मोठी आहे.

त्यांची वकिलीही अशीच पाहायला हवी. कर्जत-मुरबाडचा शेतकरी एका पावसाच्या भातावर जगणारा. आषाढ-श्रावणात कणगीचा तळ दिसू लागला की सावकाराच्या दारात जायचे, खावटीचे धान्य उचलायचे आणि भात झोडल्यावर ते दिढी-दुपटीने फेडायचे. फिटले नाही की कागदावर अंगठा, आणि अंगठ्यामागून जमीन जायची. ठाकूर-कातकऱ्यांचे हाल तर याहून वाईट. कोतवालांनी सावकारीत अडकलेल्या शेतकऱ्यांची बाजू घेतली, पण नुसती कज्जे-खटल्यांवर भिस्त ठेवली नाही. गरजेच्या वेळी धान्य देणाऱ्या आणि सुगीत परत घेणाऱ्या धान्यकोठ्या त्यांनी सुरू केल्या. गावोगाव शाळा काढल्या. वकिलाला कागदाची ताकद ठाऊक असते. तो कागद अडाण्याच्या गळ्याला फास कसा होतो, हेही त्याला रोज दिसते. म्हणून या माणसाला कोठी आणि शाळा एकाच वेळी सुचल्या असाव्यात.

एका मोठ्या प्रसंगाने माणसाचे बाकीचे आयुष्य झाकले जाण्याचे उदाहरण थेट जर्मनीतही आहे. विज्ञानाच्या पुस्तकातून माग्देबुर्गचे अर्धगोल अनेकांना ठाऊक असतात. 1657 साली ओटो फॉन गेरिकेने दोन पोकळ अर्धगोल एकत्र जोडून आतली हवा उपसून काढली आणि दोन्ही बाजूंना जुंपलेल्या सोळा घोड्यांनाही ते सुटेनात. हा गेरिके मुळात कायदा शिकलेला. 1631 साली सैन्याने माग्देबुर्ग जाळून लुटले, हजारो माणसे कापली गेली. उद्ध्वस्त शहराच्या उभारणीत त्याने अभियंता म्हणून काम केले, 1646 साली तो महापौर झाला आणि शहराचे हक्क राखण्यासाठी वर्षानुवर्षे राजदरबार आणि तहाच्या बैठकांना खेटे घालत राहिला. लक्षात राहिले ते घोडे.

आपल्याकडे वकिलाने नगरपालिकेत जाणे ही स्वातंत्र्य चळवळीतलीच एक वाट होती. 1924 साली बॅरिस्टर चित्तरंजन दास कलकत्त्याचे महापौर झाले, त्याच वर्षी बॅरिस्टर वल्लभभाई पटेल अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. त्याआधी फिरोजशहा मेहतांनी मुंबई महापालिका गाजवली होती. कोतवाल याच परंपरेतले. फरक एवढाच की ही मंडळी मोठ्या शहरांची होती, आणि कोतवाल डोंगरावरच्या एका चिमुकल्या गावाचे.

ऑगस्ट 1942च्या ‘छोडो भारत’च्या हाकेनंतर कोतवाल भूमिगत झाले आणि त्यांचा आझाद दस्ता उभा राहिला. या दस्त्याने पाडायला विजेचे मनोरेच का निवडले, याचे उत्तर इथल्या भूगोलात आहे. खालापूर तालुक्यात खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र 1915 साली सुरू झाले, कर्जत तालुक्यात भिवपुरीचे 1922 साली. मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वे या विजेवर चालत, आणि तिच्या तारा याच शिवारांवरून जात. ज्यांच्या बांधावर ते मनोरे उभे होते त्यांच्या घरात चिमणीचाच उजेड होता. कोतवालांनी या शेतकऱ्यांचे संसार जवळून पाहिले नसते, तर जंगलात त्यांना भाकरी आणि आसरा कोणी दिला असता?

कष्टकऱ्यांची बाजू घेण्याच्या कोतवालांच्या कामाची गरज आजही संपलेली नाही. माथेरानमध्ये माणसाने माणसाला रिक्षातून ओढण्याची पद्धत एकविसाव्या शतकातही चालू राहिली. ऑगस्ट 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध ठरवली, सहा महिन्यांत बंद करायला सांगितले आणि रिक्षा ओढणाऱ्यांचे ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करायचा आदेश दिला. ज्या गावात कोतवालांसारखा उपनगराध्यक्ष होऊन गेला, त्या गावाने या निकालाची वाट पाहायला नको होती. पर्यटन, धूळ, घोडेवाल्यांची पोटे हे ई-रिक्षांभोवतीचे प्रश्न खरेच आहेत. पण ओझे वाहणाऱ्याची बाजू नगरपालिकेच्या सभागृहात आधी मांडली जायला हवी होती.

मुंबईत दादरला प्लाझा चित्रपटगृहासमोर कोतवालांच्या नावाचे उद्यान आहे, 2020 साली त्यांच्यावर मराठी चित्रपट आला. त्यांच्या स्वतःच्या तालुक्यात याहून वेगळे काम व्हायला हवे. माथेरान नगरपरिषदेने त्या काळची जी इतिवृत्ते हाती लागतील ती शोधून छापावीत. कर्जत, नेरळ, खोपोलीच्या शाळा-महाविद्यालयांनी धान्यकोठ्यांच्या आणि त्या शाळांच्या आठवणी घराघरांतून गोळा कराव्यात. ज्यांनी त्या आपल्या आजी-आजोबांकडून ऐकल्या, ती पिढीही आता उतारवयाला लागली आहे. आणि येत्या 2 जानेवारीला सिद्धगडावर बोलायला उभे राहणाऱ्यांनी मनोऱ्यांच्या आधी पाच मिनिटे त्या वकिलाबद्दल आणि उपनगराध्यक्षाबद्दल बोलावे.