विकी आणि वाक्याची मालकी

‘विकी’ हा हवाई भाषेतला शब्द, अर्थ ‘शीघ्र’. प्रोग्रामरांना आपले अनुभव एकत्र लिहिता यावेत म्हणून वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिले विकी संकेतस्थळ सुरू केले. कार्यालये आणि विद्यापीठांतले विभाग विकी आणू पाहतात तेव्हा चर्चा होते ती तंत्राची. आमच्या मते खरी अडचण वाक्याच्या मालकीची आहे. विकीवर कनिष्ठानेही वरिष्ठाचे वाक्य सुधारणे अपेक्षित असते. आपल्याकडे मसुदा वरून खाली येतो आणि खालून वर जाते ती फक्त संमती. अशा ठिकाणी विकीचा सूचनाफलक होतो.

साहित्याच्या अभ्यासकांना तरी या दुरुस्तीचे भय वाटू नये. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्यांनी नेमके काय काय बदलले, याची यादी आपल्यापाशी नाही. विकीत प्रत्येक बदल कोणी व केव्हा केला, याची नोंद राहते आणि जुना पाठ परत आणता येतो. तेव्हा विभागात विकी आणायचा, तर प्रशिक्षणवर्गाआधी विभागप्रमुखांनी स्वतःचा एक मसुदा तेथे ठेवावा आणि सहकाऱ्याने केलेली रास्त दुरुस्ती तशीच राहू द्यावी.