पाच वर्षांचे बूस्टर आणि बियांची पुडी

भूक लागत नाही, ही आम्हा बालरोगतज्ज्ञांकडे येणारी सर्वांत जुनी तक्रार. ताप, खोकला, जुलाब यांचे ऋतू ठरलेले असतात. या तक्रारीला ऋतू नाही. बुधवाऱ्यातील माझ्या दवाखान्यात बाराही महिने रोज एक तरी माता मुलाला टेबलासमोर उभे करते आणि म्हणते, “डॉक्टरसाहेब, हा काहीच खात नाही. भूक वाढेल असं एखादं टॉनिक लिहून द्या.” मुलाच्या एका हातात बिस्किटाचा पुडा असतो, दुसऱ्या हातात आईचा मोबाईल असतो, आणि वाढीच्या तक्त्यावर त्याचा बिंदू बहुधा असायला हवा तेथेच असतो.

तरुणपणी मीही अशा वेळी सायप्रोहेप्टाडिनची बाटली लिहून देत असे, हे मोकळेपणाने कबूल करतो. मूल चार दिवस पेंगते, दोन घास अधिक खाते आणि बाटली संपली की पुन्हा मूळ पदावर येते. गेली काही वर्षे मी तपासणीत काही दोष न आढळलेल्या मुलांना निराळी चिठ्ठी देऊ लागलो आहे. तिच्यावर लिहिलेले असते : चेरी टोमॅटो, एक कुंडी, तीन महिने. संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी वैद्यकीय विषयावर लिहिण्याची सूचना केली, तेव्हा हाच विषय निवडला. तो वैद्यकीयच आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

प्रथम झाडाविषयी. बाजारात मिळणारे चेरी टोमॅटोचे बहुतेक वाण वेलीसारखे वाढतात. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचे ‘पुसा चेरी टोमॅटो-१’ किंवा सोनेरी फळांचे ‘पुसा गोल्डन चेरी टोमॅटो-२’ हे उत्तम वाण. परंतु ते पॉलिहाऊससाठी, दोरीने वर चढविण्यासाठी आहेत. आपल्या बोळांतील घरांत तेवढी जागा कोठून आणावी? तेथे बुटके वाण हवेत. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर विद्यापीठात प्राध्यापक येगर यांनी सिद्ध केलेला ‘टायनी टिम’ १९४५ मध्ये आला. तो जेमतेम फूट-दीड फूट वाढतो. फ्लोरिडातील संशोधकांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘मायक्रो-टॉम’ तर वीतभरच असतो. चहाच्या मोठ्या मगातही तो फळे धरतो. तांबडा, पिवळा, नारिंगी, जांभळट अशा अनेक रंगांचे बुटके वाण आज मिळतात. लाल फळाचा रंग लायकोपीनचा, जांभळ्याचा अँथोसायनिनचा, एवढे रसायनशास्त्र सहा वर्षांच्या मुलालाही गोष्टीसारखे सांगता येते.

याच कुळातील ‘रेड रॉबिन’ नावाचा बुटका टोमॅटो आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातही वाढविला गेला. फ्रँक रुबिओ या अंतराळवीराने काढलेले दोन इवले टोमॅटो तेथे हरवले. त्यानेच ते गुपचूप खाल्ले, अशी सहकाऱ्यांनी त्याची थट्टा केली. तो पृथ्वीवर परतल्यानंतर, डिसेंबर २०२३ मध्ये, ते वाळलेल्या अवस्थेत सापडल्याचे जाहीर झाले आणि बिचारा दोषमुक्त झाला. ही हकीकत मी दवाखान्यात शेकडो वेळा सांगितली असेल. सुई टोचल्यावर रडणारे मूलही ती ऐकताना हुंदका मध्येच थांबवते.

आता माझी चूक. पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात मी परीक्षा आटोपल्यावर, मार्चमध्ये, मुलांना रोपे वाटली. सुट्टीत मुलांना वेळ असतो, एवढाच विचार केला. बऱ्हाणपूरच्या उन्हाचा केला नाही. एप्रिलमध्ये फुले आली आणि गळून पडली. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रीचे २५ च्या आसपास राहू लागले की टोमॅटोचा पराग निकामी होतो आणि फळ धरत नाही. आपल्याकडे तर पारा चाळिशी ओलांडून जातो. एक सहा वर्षांची मुलगी कुंडी कुशीत धरून दवाखान्यात आली आणि म्हणाली, “डॉक्टरकाका, माझ्या झाडाला तपासा ना.” औषध बरोबर असूनही ते चुकीच्या वेळी दिले, ही चूक माझी आहे, असे मी तिला सांगितले. त्या सप्टेंबरात तिला नवी रोपे दिली. निमाडात हाच काळ योग्य. पावसाचा जोर ओसरताच बी पेरावे, तीन-चार आठवड्यांनी रोप आठ-दहा इंची कुंडीत लावावे, सहा तास ऊन मिळेल अशा जागी ठेवावे. फुले आली की सकाळी झाडाला हळूच टिचकी मारावी, म्हणजे पराग झडून फळ धरते. हे काम मुलाचे. नोव्हेंबर-डिसेंबरात फळे लागतात. मुलीने पहिले फळ मला आणून दिले, दुसरे स्वतः खाल्ले. तोवर ती भाजीतला टोमॅटो वेचून ताटाबाहेर ठेवीत असे.

आणखी एक प्रसंग. एक गृहस्थ तक्रार घेऊन आले की, टोमॅटोची बुडे काळी पडत आहेत. “फळाला कॅल्शियम कमी पडतं असं वाचलं, म्हणून मुलाचं सिरप कुंडीत ओतलं.” मला हसू आवरले नाही. निदान अर्धे खरे होते. फळाच्या बुडाशी कॅल्शियम पोहोचत नाही म्हणूनच ते काळे पडते. परंतु बहुधा मातीत कॅल्शियम असते आणि ते वाहून नेणारे पाणी अनियमित असते. चार दिवस कोरडे, पाचव्या दिवशी चिखल. मी त्यांना रोज सकाळी थोडे पाणी घालण्यास सांगितले. पुढचा घोस निकोप आला. तेव्हा त्यांना म्हटले, “आता मुलाचंही असंच करा. दिवसभर बिस्कीट, दूध, वेफर्स आणि रात्री नऊला ताटाशी बळजबरी; ही त्याच्या पोटाची अनियमित पाळी आहे. बाटली नको, वेळ पाळा.” ते समजले. हीच गोष्ट मी वीस वर्षे तोंडी सांगत होतो. ती पटवून दिली एका कुंडीने.

माझे मत एवढेच आहे. ज्या अन्नाची मुलाने वाट पाहिली, ते अन्न त्याला परके राहत नाही. नवा पदार्थ आवडण्यापूर्वी तो आठ-दहा वेळा समोर यावा लागतो, हे आपण सारे जाणतो. कुंडीतले फळ हिरवे, पांढुरके, केशरी, लाल होत महिनाभर रोज मुलाच्या डोळ्यांसमोर असते. दोन ते पाच वर्षांच्या मुलासाठी पडद्यासमोर दिवसाला एक तासाहून अधिक वेळ नको, असे आपली भारतीय बालरोग अकादमी सांगते. परंतु उरलेल्या वेळात मुलाने काय करावे, हे आपण पालकांना क्वचितच सांगतो.

काही सहकारी म्हणतील, हा सुखवस्तूंचा शौक झाला. खकनार भागातील कोरकू मुलांच्या कुपोषणावर टोमॅटो काय करणार? आक्षेप रास्त आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७.१ टक्के बालके रक्तक्षयी आढळली, आणि आपल्या मध्य प्रदेशाचे प्रमाण त्याहूनही अधिक आहे. मूठभर चेरी टोमॅटोंनी हा रक्तक्षय बरा होणार नाही. त्यासाठी लोह, जंतनाशक औषध आणि पोटभर अन्नच हवे. टोमॅटोतील क जीवनसत्त्व डाळ-भाकरीतील लोह शोषले जाण्यास हातभार लावते, एवढेच त्याचे श्रेय. त्याला याहून मोठे औषध म्हणून विकणे म्हणजे टॉनिकवाल्यांचाच धंदा करणे होय.

वैद्य म्हणून तीन ताकिदी दिल्यावाचून ही चिठ्ठी पुरी होत नाही.

पहिली : चेरी टोमॅटो गोल, गुळगुळीत आणि नेमका बालकाच्या श्वासमार्गाच्या मापाचा असतो. पाच वर्षांखालील मुलाला तो अखंड कधीही देऊ नये. उभा चिरून चार फोडी कराव्यात. अखंड द्राक्ष अडकून निळे पडलेले एक दीड वर्षाचे बालक आजीने माझ्याकडे धावत आणले होते. पाठीवरच्या थापांनी द्राक्ष बाहेर पडले आणि मूल वाचले. पण त्या आजींचा चेहरा मी विसरलेलो नाही. वर्षाखालील बाळाला पाठीवर पाच थापा व छातीवर पाच दाब, मोठ्या मुलाला थापांनंतर पोटावर दाब. आणि न दिसणाऱ्या वस्तूसाठी घशात बोटे घालायची नाहीत, हे प्रत्येक घरात ठाऊक असले पाहिजे.

दुसरी : कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. डेंग्यूविषयी शाळांतून भाषणे देणाऱ्या माझ्याच गच्चीवर एका ऑक्टोबरात ताटलीत डासांच्या अळ्या वळवळताना आढळल्या. तेव्हापासून दर रविवारी ताटल्या ओतून, घासून कोरड्या करतो. कारण अंडी कडेला चिकटून राहतात.

तिसरी : एका कुंडीसाठी शेतातले कीटकनाशक घरी आणू नये. केळी-कापसाच्या आपल्या जिल्ह्यात थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेले औषध पिऊन आलेली मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. मावा पडला तर पाण्याने धुवावा, पान खुडून टाकावे. फार झाले तर ते झाड सोडून द्यावे. रंगाचा किंवा औषधाचा रिकामा डबाही कुंडी म्हणून वापरू नये.

शेवटी एक सूचना. राष्ट्रीय लसीकरणात पाच ते सहा वर्षे वयाला डीपीटीचे दुसरे बूस्टर असते. गोल फळ गिळण्याचा मोठा धोका याच वयात ओसरतो, आणि रोज पाणी घालण्याची जबाबदारीही याच वयात पेलते. आपण प्रत्येकाने या बूस्टरबरोबर मुलाच्या हातात चार बियांची पुडी ठेवावी. ‘टायनी टिम’ हा संकरित वाण नसल्यामुळे त्याचे बी घरीच धरता येते. पिकल्या फळाचा गर दोन-तीन दिवस पाण्यात आंबवून, धुऊन, सावलीत वाळवला की झाले. खर्च शून्य.

ती कुंडी घेऊन आलेली मुलगी आता मोठी झाली आहे. गेल्या दिवाळीनंतर तिने धाकट्या भावाबरोबर एक लिफाफा पाठविला. आत वाळलेले बी होते आणि वर तिच्या अक्षरात लिहिले होते : ‘काका, मार्चमध्ये वाटू नका.’